राखून ठेवलेला शेवट

महाराष्ट्र झाला त्या साली गुलाम रसूल आणि निवृत्ती या दोघांनी खामगावात बँड काढला. सिनेमाची गाणी वाजवायची नाहीत, हा गुलाम रसूलचा हट्ट. लोक तोंडावर हसले. पण त्यानं क्लॅरिनेटवर स्वतःची एक चाल बांधली आणि चार वर्षांत जळगाव जामोदपर्यंतचे नवरदेव तिच्यावाचून घोड्यावर बसेनात.

त्या चालीचा शेवट मात्र त्यानं कुणाला ऐकवला नाही. शेवटची ओळ स्वतःपाशी ठेवावी, म्हणजे चाल कुणी पळवत नाही, असं त्याच्या उस्तादानं शिकवलं होतं. वरातीत ढोलच चाल मधेच गुंडाळून टाकत.

"अबे, मले तरी सांग," निवृत्ती म्हणायचा.

"मराच्या आधी सांगतो," म्हणून तो हसायचा.

पुढं सिनेमाच्या गाण्यांवरून दोघांचं बिनसलं. निवृत्तीनं सहा माणसं फोडली, लाल कोट शिवले, वेगळा बँड काढला. चालही नेली आणि तिला सिनेमाछाप झटकेबाज शेवट जोडला. गुलाम रसूलच्या जिवाचा संताप झाला; पण खरा शेवट आपल्यापाशी आहे, या गुर्मीत तो सहा वर्षं गप्प राहिला.

मग जानेफळला उत्तमरावांच्या मुलीचं लग्न निघालं. मुलीकडून गुलाम रसूल, वराकडून निवृत्ती. दोन बँड वेशीत समोरासमोर आले की सामना व्हायचा; हरेल त्यानं मागं चालायचं आणि जिंकणाऱ्याची चाल धरायची.

निवृत्तीनं तीच चाल वाजवली. पोरं बेभान नाचली.

"आता तुमी काय वाजोता, चाचा?" उत्तमरावांनी विचारलं.

"हेच. चाल माही हाये."

"तुमची? हे त निवृत्तीभाऊची हाये!"

"शेवट ऐका, मंग समजन."

त्यानं डोळे मिटले. दहा वर्षं जपलेली ओळ पहिल्यांदा चारचौघांत वाजली, हळू, खाली उतरत गेलेली. नाचणारी पोरं थांबली.

"चुकला बे!" कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

"राहू द्या चाचा," उत्तमराव मायेनं म्हणाले, "शेवट नाही येत तुमाले."

गुलाम रसूलनं निवृत्तीकडं पाहिलं. निवृत्तीचा ट्रम्पेट ओठांपासून खाली आला होता, डोळे भरले होते. एवढ्या गर्दीत त्या एकट्यालाच ती ओळ कळली होती. एक शब्द बोलला असता तर पुरे होतं. त्यानं डोळे पुसले आणि ट्रम्पेट पुन्हा ओठाला लावला.

मांडवापर्यंत गुलाम रसूल मागून चालला. स्वतःची चाल वाजवत, निवृत्तीच्या शेवटासकट.