चंद्र आला गो!

"भाकरी काय खेळायची वस्तू हाय?" तव्यावरची भाकरी उलथत जमनाबाईंनी विचारलं. "मी सकाळपासून उपाशी, आन तू भाकऱ्या कापून कागदावर चिकटवतंस!"

अक्षतानं वाटीची कड भाकरीवर दाबली, एक कोर अलगद काढली आणि सईच्या हातात दिली.

सुनेचं हेच जमनाबाईंना सोसत नसे. ती उत्तर देत नाही. कितीही टोचा, मान खाली. अशा बाईशी भांडायचं तरी कसं? भिंतीवर डोकं आपटल्यासारखं होतं, आणि लागतं आपल्यालाच. वर पोरही तिच्यावरच गेलेली. सई खांदेश्वर स्टेशनजवळच्या शाळेत वर्षभर गेली, पण तिथं तिनं तोंड म्हणून उघडलं नाही. घरात चुरुचुरु बोलणारी पोर परकं माणूस दिसलं की मुकी. शेवटी अक्षतानं तिला काढलं आणि घरीच शिकवायला घेतलं. आधी झाडं झाली, मग पाणी. आता चंद्र.

जमनाबाई स्वतः दुसरीतून उठल्या होत्या, धाकट्या भावाला सांभाळायला. नातीनं पाठीला दप्तर लावून, युनिफॉर्म घालून दारातून निघावं, गल्लीनं बघावं, एवढं त्यांचं मागणं. जूनमध्ये पोरीला परत शाळेत घालायची, हे त्यांनी सांगून टाकलं होतं. उरणला कंटेनर यार्डात कामाला असलेला त्यांचा मुलगा प्रणय म्हणाला होता, "आई बोलेल तसं." त्या दिवसापासून अक्षता आणखीच गप्प झाली होती.

दुपारी मायलेकींनी खोलीचे पडदे ओढले. जमनाबाई मेथी निवडत दारात येऊन बसल्या. बघायला नव्हे, तिथं वारा येतो म्हणून. अक्षतानं बॅटरी लावून टेबलावर ठेवली होती. सई हातात सोललेला नारळ धरून जागच्या जागी गिरकी घेत होती.

"आता अर्धा! आता थोडासा! आता गेला!"

"गेला तो कुठं गेला?" जमनाबाईंच्या तोंडून निघून गेलं.

"कुठंच नाही, आजी. तिथंच असतो. आपल्या बाजूला उजेड नसतो फक्त."

"हं," म्हणून जमनाबाईंनी मेथीची काडी मोडली. मायलेकी बाहेरच्या खोलीत जरा लवंडल्यावर मात्र त्यांनी हळूच खोलीचं दार लोटलं, बॅटरी लावली आणि नारळ हातात घेऊन स्वतः एक गिरकी घेतली. मग उलटी घेतली. पदर सावरून तिसऱ्यांदा घेतली. उपासाच्या पोटी जरा गरगरलं, पण नारळावरचा उजेड खरंच सरकत होता. एवढी वर्षं चंद्राला हात जोडले, आणि हे कधी कुणाला विचारावंसं वाटलं नाही, याचं त्यांना नवल वाटलं. नारळ त्यांनी होता तसाच ठेवला.

गल्लीत संकष्टी सुटायची ती जमनाबाईंच्या हाकेवर. त्यांची गच्ची सगळ्यांत उंच. पूर्वेला नवा टॉवर उठल्यापासून बाकीच्या गच्च्यांवरून आभाळच दिसेनासं झालं होतं. कॅलेंडरातली वेळ झाली की त्या ताम्हन घेऊन वर जात आणि ओरडत, "चंद्र आला गो!" मग घराघरांत पानं वाढली जात.

त्या रात्री सईही आईचा हात धरून वर आली, भाकरीचे चंद्र चिकटवलेला काळा कागद काखेत मारून. शेजारच्या गच्चीवर जमनाबाईंची जाऊ भिमाबाई उभी होती.

"काय गो जमने, भूक लागली. दिसला का नाय?"

"दिसला! टॉवरच्या डोक्यावर बसलाय." जमनाबाईंनी पळीभर पाणी सोडलं. हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात पदराला ओढ बसली.

"आजी, तो चंद्र नाहीये."

आवाज चांगला मोठा होता. भिमाबाई कठड्याशी आली. परक्यांपुढं सईचं असं बोलणं तिनं कधी ऐकलं नव्हतं.

"तो गोल आहे. आजचा वरून खाल्लेला असतो. आणि हा हलत पण नाही. तो बांधकामावरचा दिवा आहे."

"अगो बाय माझे!" भिमाबाई खो खो हसत सुटली. "एवढे महिने दिव्याला पाया पडून मोदक गिळले आमी!"

जमनाबाई हसल्या नाहीत. त्यांनी डोळे पदरानं पुसले आणि पुन्हा बघितलं. दिव्याभोवती कापूस पिंजून लावल्यासारखा होता. पण हल्ली तो त्यांना सगळ्याभोवतीच दिसायचा. त्या खाली बसल्या.

"मग थांबू," त्या म्हणाल्या. "खरा येईपर्यंत कोनी खायचं नाय. भिमे, तू पन."

बराच वेळ गेला. मग टॉवरच्या उजव्या कडेनं काहीतरी पिवळसर सरकलं. सई टाळ्या वाजवत उठली.

"कुठून खाल्लाय? दाव मना," जमनाबाईंनी तळहात पुढं केला. सईनं त्यावर बोटानं एक गोल काढला आणि वरची कड पुसल्यासारखी केली. जमनाबाई हातावर बघत राहिल्या, मग वर बघितलं, आणि पाणी सोडलं. हाक भिमाबाईला मारायला सांगितली.

सई उड्या मारत खाली गेली. अक्षता ताम्हन उचलायला वाकली.

"तुला ठावं होतं," जमनाबाई म्हणाल्या.

अक्षताची मान खाली गेली.

"कवापासून?"

"टॉवरवर दिवा लागला तेव्हापासून." तिनं ताम्हन उचललं. "खरा चंद्र फार उशिरा दिसतो, आई. तुम्ही दिवसभर पाण्यावर असता. म्हटलं, लवकर जेवाल तरी."

खालून सईनं आजीला हाक मारली, गल्लीला ऐकू जाईल अशी. जमनाबाईंनी उठायला हात पुढं केला. अक्षतानं तो धरला.

"जूनचं ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "पोरीची शाळा घरातच चालू दे. पन उद्यापासून तिच्या शेजारी तू शिकायला बस. मास्तरीन ती. तुला अजून बोलायला येत नाय."