डांबराचा दुसरा हात

मंत्रीसाहेब हेलिकॉप्टरनं माळवाडीला येणार म्हटल्यावर सरपंच नीलम्माच्या पदरात काय पडणार होतं? एक रस्ता. निदान तिचा हिशोब तसा होता. साहेब येणार, माइक हातात मिळणार, आणि ती तालुक्याच्या लोहाऱ्यापर्यंतचा रस्ता मागणार. रस्ता झाला की एसटी, आणि एसटी आली की सातवीनंतर घरी बसणाऱ्या पोरींची पुढची शाळा. तिची नात शिवानी यंदाच सातवी पास झाली होती. म्हणजे हिशोब गावाचा असला तरी घाई घरची होती.

या हिशोबातली खोट शेजारच्या तुळजाबाईनं काढली. "अगं, मोटारीनं येणारा असता तर रातोरात खडी पडली असती. ह्यो वरून येणार, वरूनच जाणार. त्याला खड्डा दिसतोय कुठं?"

नीलम्माला ते लागलं, पण पटलं म्हणायची तिला सवय नव्हती.

रस्त्याऐवजी गावाला मिळालं शाळेमागच्या माळावर, हेलिकॉप्टर उतरायला, डांबराचं एक चौकोनी अंगण. त्याचा ठेका मिळाला उमाशंकरला, म्हणजे नीलम्माच्या नणंदेच्या मुलाला. हा निव्वळ योगायोग आहे, असं गावानं तोंडाला पदर लावून मान्य केलं. पण पोरगा कामाला चोख. खडी नीट दाबली, वर बेताचं डांबर ओढलं. आदल्या दिवशी नीलम्मा बघायला गेली, तर खडी मधूनमधून डोकं वर काढत होती.

"एवढंच? पाहुणा येणार हाय का वसुलीवाला?"

"मामी, पुरं हाय हे. जास्त डांबर ओतलं तर उन्हात मऊ पडतंय."

"सणाला आमी जमीन सारवतो ती एका हातात सोडतो व्हय? पहिला हात घरच्यासाठी, दुसरा पाहुण्यासाठी. मार अजून एक."

"मामी, हे शेण न्हाय."

"मग काळं तोंड घेऊन बसू का साहेबापुढं? मार म्हणते ना."

उमाशंकरनं दुसरा हात मारला. अंगण आरशासारखं चकाकलं, आणि त्यावर चुन्याचा मोठा एच उठून दिसला. नीलम्मा समाधानानं घरी गेली.

दुसऱ्या दिवशी ऐन वैशाखाच्या दुपारी हेलिकॉप्टर उतरलं. गाव चाकं शोधत होतं, पण त्याला चाकंच नव्हती. पोटाखाली दोन लांब लोखंडी नळ्या, बस्स. त्या टेकल्या, हातभर पुढं घसरल्या, आणि चकाकत्या डांबरात नांगराच्या तासासारख्या दोन रेघा ओढून थांबल्या. पाती फिरायची थांबेपर्यंत सगळा भार त्या नळ्यांवर आला होता, आणि नळ्या डांबरात निवांत रुतत होत्या.

सभा झाली. शाळेच्या नव्या खोल्यांच्या उद्घाटनाला नक्की येतो, असं साहेबांनी कबूल केलं. नीलम्मानं रस्ता मागितला. साहेब म्हणाले, "विचार करू." हे दोन शब्द कुठल्या कपाटात ठेवतात, ते गावाला माहीत होतं.

साहेब निघाले, तर पायलट हेलिकॉप्टरपाशी गुडघ्यावर बसलेला. नळ्या अर्ध्या बुडालेल्या, आणि त्याच्या बुटाचा तळवा डांबरानं धरून ठेवलेला.

"मी उडवणार नाही," तो म्हणाला. "एक बाजू सुटली आणि दुसरी चिकटून राहिली, तर हे आडवं होईल."

"मग मी जाऊ कसा? लोहाऱ्यात सभा आहे!" साहेब.

गटविकास अधिकाऱ्यांची जीप पुढं आली. नीलम्मा मागच्या सीटवर कधी चढून बसली ते कुणालाच कळलं नाही. "वाट दाखवायला," ती म्हणाली. जायची वाट एकच होती.

इकडं तुळजाबाईनं घरातून करडईच्या तेलाचा डबा आणला. "डांबर तेलानंच उतरतंय. आमच्या नातवाच्या चड्डीला इचारा!" बायका खुरपी घेऊन नळ्यांभोवती बसल्या, आणि पायलट हातात डबा धरून त्यांच्या हुकमात उभा राहिला.

तिकडं जीप आदळत होती.

"सांभाळा साहेब, ह्यो तालमीचा खड्डा."

"खड्ड्याला नाव?"

"रोज भेटतोय, नाव नगं व्हय? पुढचा जावयाचा. आमचा थोरला जावई त्यात पडला, तवापासनं दिवाळीला येत न्हाय."

साहेबांचं डोकं टपाला लागलं. रुमाल लावून ते म्हणाले, "त्या ठेकेदाराचं नाव सांगा. पुन्हा सरकारी काम मिळणार नाही त्याला. आणि तुमचा रस्ता, धरा, दिला."

रस्ता हातात आला होता, आणि त्याची किंमत होती नणंदेचं पोरगं. एका खड्ड्याचं नाव सांगायचं नीलम्मा विसरली. शिवानी डोळ्यांपुढं आली. मग उमाशंकरही आला, 'मामी, हे शेण न्हाय' म्हणणारा.

"साहेब, त्यो नगंच म्हणत होता. दुसरा हात म्या मारायला लावला. काय करायचं ते माझं करा."

"म्हणजे मला तुम्ही अडकवलंत?"

"अडकवायची अक्कल असती, तर पहिल्याच साली न्हाय का अडकवलं असतं?"

साहेब हसणार होते, पण पुढच्या खड्ड्यानं त्यांचं तोंड मिटवलं. लोहारा येईपर्यंत रस्त्याचा विषय कुणी काढला नाही. नीलम्मा परतीच्या जीपमध्ये बसली ती रिकाम्या हातानंच.

हेलिकॉप्टर पहाटेच्या गारव्यात, मोकळ्या नळ्यांखाली फळ्या सरकवून, सुखरूप उडालं. जाताना पायलटनं वर कळवलं, माळवाडीत पुन्हा उतरणार नाही. आणि शाळेच्या नव्या खोल्यांच्या उद्घाटनाला तर साहेबांनी सभेतच होकार देऊन ठेवलेला. आता यायचं तर जमिनीवरून. पाऊस सरला तशी खडी पडू लागली.

रस्ता झाला. एसटी आली. सकाळी शिवानी आणि गावच्या पोरी खिडकीसाठी भांडत लोहाऱ्याच्या शाळेला जातात.

आता या रस्त्यासाठी कुणी काय मोजलं ते बघू. साहेबांनी एक टेंगूळ मोजलं. उमाशंकरनं पदरचं सिमेंट घालून त्या रेघा बुजवल्या, आणि मामीचा भाचा म्हणून रस्त्याचा ठेका त्याला मिळाला नाही. नीलम्मानं भर ग्रामसभेत चूक कबूल केली, आणि रस्त्याच्या कोनशिलेवरून तिचं नाव गळालं. तुळजाबाईनं डबाभर करडईचं तेल मोजलं. पोरींकडून मात्र कुणी काही घेतलं नाही.