उमाताईंचा काळा कोट आणि अनोळखी साहेब

मित्रांनो, मी उमाताईंचा काळा कोट. जुना, कोपरांवर विटलेला. आधीच सांगून टाकतो, माझ्या या गोष्टीतलं निम्मं मला अजून कळलेलं नाही.

उल्हासनगरच्या एका सिंधी मास्तरांनी मला शिवलं. "साईं, फटेगा नहीं," म्हणाले, आणि खरंच फाटलो नाही. उमाताई अंबरनाथच्या, तेव्हा नव्या वकील. मला अंगात घातलं की त्यांचा आवाज चढायचा. मला कोण अभिमान!

२००४ साली मोरिवलीच्या हरिचंद्रची केस आली. अंबरनाथच्या दारूगोळा कारखान्याचे गुप्त नकाशे पिशवीत सापडले म्हणून तो आत होता. गुन्हा शाबीत झाला असता तर त्याचं उभं आयुष्य तुरुंगात गेलं असतं. तो म्हणे, "ताई, मी चोर नाय. गुप्तहेर खात्याच्या साहेबांनीच सांगितलेलं, नकाशे घेऊन जा, घ्यायला कोण येतो ते बघू." साहेब म्हणत, "या माणसाला मी कधी पाहिलेलंच नाही." खरं कोणाचं? उमाताई आरशासमोर पुटपुटायच्या, "खबरी की थापाड्या?" माझं तर डोकंच चालेना. कोटाला डोकं नसतंच म्हणा!

साक्षीच्या दिवशी ताईंनी नाना तऱ्हेने विचारून पाहिलं. साहेबांचं एकच, "ओळखत नाही." ताईंचा घाम माझ्या अस्तरात झिरपला. संपलंच सगळं, असं वाटलं.

साहेब पिंजऱ्यातून उतरताना जरा डगमगले. मागच्या बाकावरून हरिचंद्रची बायको गयाबाई चटकन उठली. "अगं बाई! भाऊ, बीपीची गोळी घेतली का?"

"घेतली, वहिनी," साहेब बोलून गेले.

ताईंनी मला खाली ओढून सारखं केलं आणि विचारलं, "साहेब, या कोणाच्या वहिनी?"

जज्जसाहेबांनी साहेबांना परत पिंजऱ्यात बोलावलं. ते म्हणाले, "यांच्या घरी मी जेवलोय. हरिचंद्र माझाच माणूस. ओळख द्यायची नाही, असा वरून हुकूम होता."

हरिचंद्र सुटला. पण बाहेर गयाबाई रडत होती, "ताई, भाऊंची नोकरी जाईल का ओ?" ज्याने नवऱ्याला वाऱ्यावर सोडलं, त्याच्यासाठी रडायचं? मला काही उमजेना. ताई माझ्या बटणाशी चाळा करत उभ्या राहिल्या.

आता ताईंना नवा कोट आहे. मी कपाटात तळाशी असतो, कसर लागलीय. मित्रांनो, मला झटकून ऊन दाखवलं नाहीत तरी चालेल. पण ज्याच्या घरी पोटभर जेवलात, त्याला चार लोकांत 'ओळखत नाही' म्हणू नका.