पंधराव्या घराची पाळी

आमच्या संस्थेत मी संशयखोर म्हणून प्रसिद्ध आहे, आणि मला त्याचा अभिमानही आहे. आम्ही झाडं लावलीत, कुंपणाला मदत द्या, असे अर्ज ढिगाने येतात. खरं-खोटं बघायला मला पाठवतात. अटी दोनच. गटात वस्तीतच राहणारी किमान पंधरा माणसं हवीत, आणि सगळ्यांची नियमित बैठक व्हायला हवी.

तिसगावातल्या या आळीचा अर्ज वाचताक्षणी खटकला. बैठकीच्या रकान्यात सरळ 'होत नाही' लिहिलेलं. पंधरावं नाव 'कारभारीतात्या' असं. त्यांचं घर विचारलं, तर अर्ज भरणाऱ्या गोरक्षनाथने एक कुलूपबंद दार दाखवलं.

"कुठे गेलेत?"

"वारले की. तीन वरीस झाली."

मेलेल्या माणसाच्या नावावर मदत! सापडला बेटा, असं मनात म्हटलं. पण सापडलेला माणूस चपापतो. हा तर मलाच चहा विचारत होता. आणि त्या बंद दाराला पाणी वाहायची एक कावड टेकवलेली होती.

"ही इथे कशी?"

"आज तात्यांची पाळी हाय ना!"

मग उलगडा झाला. आळीत पंधरा घरं. रोज एका घराने ओढ्याकाठच्या तीस झाडांना पाणी घालायचं आणि कावड पुढच्या दाराला टेकवायची. ही पाळी कारभारीतात्यांनीच लावून दिलेली. अर्जात नावं मागितली, तेव्हा गोरक्षनाथने पाळीचीच यादी उतरवून काढली होती.

"मग आज पाणी कोण घालणार?" मला आता राहवेना.

"पाचपत्तुर थांबा की."

थांबले. पाच वाजता दारं उघडली आणि चौदाही घरांतली माणसं घागरी-कळश्या घेऊन बाहेर पडली. तात्यांच्या मागे कुणी नाही, म्हणून त्यांचा दिवस सगळ्यांनी वाटून घेतलेला. हापशापाशी रांग लागली. शेळ्या मोकळ्या सोडल्याबद्दल एकाला बोलणी बसली, दोन वाळलेल्या रोपांच्या जागी कडुनिंब लावायचा ठरला. मी वेड्यासारखी बघत राहिले.

"असं दर पंधरा दिवसांनी?"

"व्हय," बनुबाई म्हणाल्या. त्या तात्यांच्या शेजारीण, सत्तरीच्या. "एरवी कुनाला सवड हाय?"

"आजी, हीच तर बैठक!"

"बैठक कसली? पानी घालतोय आमी."

मी रकान्यातलं 'होत नाही' खोडून 'दर पंधरा दिवसांनी' लिहिलं. पण मयताचं नाव ठेवता येईना. ते काढलं नाही तर अर्ज बाद, असं सांगितल्यावर हापसा थांबला. शेवटी बनुबाईंनी सुनेला पुढे केलं. "हिचं लिवा. संस्कृती."

मी तात्यांच्या नावावर रेघ मारली, खाली संस्कृतीचं लिहिलं आणि 'पात्र' असा शेरा दिला. मला आनंद व्हायला हवा होता. बनुबाई मात्र त्या रेघेकडे बघत होत्या.

"म्हंजी आता ते आमच्यातले न्हाईत?"

"फक्त कागदावर, आजी." माझा आवाज मलाच खोटा वाटला.

त्यांनी भरलेली कळशी माझ्या हातात दिली.

"नाव तुमी खोडलं न्हवं? मग आज त्यांच्या नावाची एक खेप तुमीच घाला."

मी पदर खोचला आणि कुठलं झाड ते विचारलं.