दारापर्यंत पाइप

माई न्हाणीघरात घसरल्या, पण पडल्या नाहीत. नळाला धरून सावरल्या. कोपराला जरासं खरचटलं, संपलं. पण ते त्यांच्या लेकानं, सोन्यानं पाहिलं, आणि त्यानं जो धसका घेतला तो कायमचाच.

सोन्या म्हणजे चांगला चाळिशीचा बाप्या, बरं का. प्रदर्शनांचे स्टॉल उभे करून द्यायचा त्याचा धंदा. गोदाम पोकळ पाइपांनी भरलेलं, आणि पेट्या भरून ते पाइप जोडायचे फिरते सांधे. सांधा मुठीएवढा, दोन जबड्यांचा. एका जबड्यात एक पाइप धरायचा, दुसऱ्यात दुसरा, आणि हवा तसा फिरवायचा. उभा, आडवा, तिरका. मनासारखा बसला की वाकड्या चावीनं स्क्रू आवळायचा. मग चार माणसं लोंबकळली तरी हलत नाही.

दुसऱ्याच दिवशी न्हाणीघरात पाइप लागला. माईंच्या कोपराची उंची मोजून, अगदी हात पडेल तिथे. शेजारपाजारच्या बायकांनी सोन्याला डोक्यावरच घेतलं. "असा मुलगा मिळायला नशीब लागतं हो!" माईंचाही ऊर भरून आला. सून तेवढी हसून म्हणाली, "आता घरातच प्रदर्शन भरवा. मी दारात तिकिटं फाडते."

थट्टाच होती ती. पण हळूहळू पाइप न्हाणीघरातून माईंच्या पलंगापर्यंत आला, पलंगापासून खिडकीपर्यंत गेला, आणि मग जिन्याच्या भिंतीला लागून थेट खाली इमारतीच्या दारापर्यंत उतरला. संध्याकाळी सोन्या माईंना धरून खाली न्यायचा, दारातून रस्ता दाखवायचा आणि वर आणायचा. लहान मुलाला मोटारी दाखवतात ना, तसंच.

आणि सांधे फिरते, ही खरी मेख. सुट्टीच्या दिवशी सोन्या चावी घेऊन बसायचा आणि काही ना काही फिरवायचा. स्वयंपाकघराकडे जाणारा पाइप एकदा वळला आणि स्वयंपाकघराच्याच दारात आडवा झाला. "तिथं गॅस आहे, आई." मग गॅलरीच्या दारात. "तिथं उंबरा आहे." शेवटी जिन्याच्या तोंडाशी एक आडवा आला, सोन्या कामावर जाताना रोज आवळून जायचा तो. बाकीचे खालून वाकून जायचे, माईंना तेवढं वाकता यायचं नाही.

"अरे, मी काय दावणीचं वासरू आहे?" माई भडकल्या.

"पडलीस तर?" त्याचे डोळे भरून आले. "मी कुणाकडे बघू गं?"

आता काय बोलणार, सांगा! दरडावणाऱ्याशी भांडता येतं. डोळ्यांत पाणी आणून कोंडणाऱ्याशी कसं भांडायचं? माई गप्प बसल्या. मला विचाराल तर तिथंच चुकल्या.

माईंची धाकटी बहीण समोरच्या इमारतीत तळमजल्यावर एकटी राहायची. सगळे तिला छोटी म्हणत, सत्तरीतही. तिनं शहराबाहेर दोन खोल्या घेतल्या आणि माईंना फोन केला. "ताई, चल माझ्याबरोबर. पत्ते खेळू, भांडू, वाटेल तेव्हा झोपू. सामानाचा टेम्पो उद्या सकाळी निघतोय. आलीस तर आलीस. तुझ्या लेकाशी वाद घालायचं त्राण नाही माझ्यात, पुन्हा विचारणार नाही."

माईंनी सोन्याला विचारलं तर तो हसला आणि त्यानं विषय बदलला. माईंच्या डोळ्याला रात्रभर डोळा लागला नाही. मुक्काम हलवायचा तर आता, नाहीतर याच खोलीत शेवट, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

सकाळी सोन्या आडवा पाइप आवळून कामावर गेला. त्याची पाठ वळते न वळते तोच सून आली आणि तिनं माईंच्या हातात वाकडी चावी ठेवली. "गोदामातली जास्तीची आहे. मला बघवत नाही हो हे. जा तुम्ही. त्यांना मी बघून घेईन." सोन्या तिला कधी ओरडायचा नाही, पण एखादी गोष्ट त्याला न सांगता केली की चार-चार दिवस तिच्याशी बोलायचा नाही. ती त्या गप्पपणाला फार भ्यायची.

माईंनी स्क्रू स्वतः फिरवला. सुटला! पाइप खाली झुकला आणि जिना मोकळा झाला. सुनेनं चावी कमरेला खोचली, पिशवी उचलली, आणि माई पाइपावर हात सरकवत सरसर उतरल्या. चेहरा असा उजळला होता की सुनेला रडू आवरेना.

खालच्या दाराशी पाइप संपला.

पुढे रस्ता. पलीकडे टेम्पो उभा आणि पुढच्या सीटवर छोटी, दार उघडं धरून.

"माझा हात धरा," सून म्हणाली. माईंनी डाव्या हातानं धरला. उजवा पाइपावरच होता.

"तो सोडा आता."

"सोडते गं. सोडते ना."

बोटं सुटेनात. माईंनी खाली पाहिलं तर पावलं जागच्या जागी कापत होती. याच पायांनी त्या वर्षभरापूर्वी भाजीच्या दोन पिशव्या घेऊन हा रस्ता ओलांडायच्या. आता तो नुसता पाहून त्यांना दरदरून घाम फुटला.

छोटी उतरून आली. "ताई, वेडी आहेस का? हे काय, चार पावलं!" सुनेनं हळूच माईंचं एक बोट पाइपावरून उचललं, आणि माई किंचाळल्या. "ओढू नका! पाडायचंय का मला? सोडा!" येणारेजाणारे थांबून बघायला लागले. सुनेनं झटकन हात काढून घेतला. छोटीनं डोळे पुसले. टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला, पुन्हा दिला. मग ती गेली.

माई वरही जाईनात. पाइप दोन्ही हातांनी कवटाळून तिथंच बसल्या, आणि सून त्यांच्याजवळ बसली. कुणीतरी सोन्याला फोन केलाच असणार. तो धावत आला, आईपुढे गुडघ्यांवर बसला आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. माईंनी पाइप सोडला आणि त्याचं मनगट तितक्याच घट्ट धरलं.

"वरचा आडवा सुटलाय," त्या म्हणाल्या. "आवळून घे."

"घेतो, आई."

"आणि एक चावी हिच्याजवळ आहे. काढून घे हिच्याकडून."

सोन्यानं बायकोकडे पाहिलंसुद्धा नाही. नुसता तळहात तिच्यापुढे धरला.