कमलच्या पेशी

बायको, कमल, वारल्यापासून ईश्वर गजभिये मानक नगरच्या बाहेर फारसे पडले नव्हते. त्या दिवशी गोमती नगरला गेले, ते स्वप्नाला नकार द्यायला.

स्वप्ना कमलची विद्यार्थिनी. कमलने काढलेल्या छोट्या औषध कंपनीची प्रयोगशाळा आता तीच सांभाळायची. मॅडमच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींची एक कुपी अजून गोठवून ठेवली आहे, ती शेवटची आहे, वापरायला घरच्यांची परवानगी हवी, असं तिने फोनवर सांगितलं होतं. तेव्हापासून ईश्वरांचं मन थाऱ्यावर नव्हतं. अग्नी देऊन आलो, आणि तिचं काहीतरी याच शहरात अजून जिवंत आहे.

कमल आधी वॉर्डातली डॉक्टर. रक्तात जंतू गेलेली माणसं तिच्या डोळ्यांदेखत दगावायची. पुष्कळदा जंतू बाजूलाच राहायचे आणि शरीराचे स्वतःचे पहारेकरीच घर जाळून टाकायचे. हे पहारेकरी म्हणजे या पेशी. जन्मापासून सोबत असलेल्या, कोण आलंय ते न विचारता धावून जाणाऱ्या. त्यांना आवरायचं कसं, यात तिचं आयुष्य गेलं. ईश्वरांची बहीण म्हणायची, "एवढी शिकून वहिनी उंदीर पोसते." उंदीर उलटून बोलत नाहीत, असं कमलचं उत्तर ठरलेलं.

प्रयोगांना निरोगी माणसाचं रक्त लागे. तिच्याकडे रिवाजच होता, पहिला हात मॅडमचा, आणि बहुधा शेवटचाही. कोपराच्या खोबणीतला निळा डाग पाहून ईश्वर रागवायचे. ती पोळ्या लाटत ऐकून घ्यायची.

स्वप्नाने चहा मागवला. मुलगी मराठी घरची, पण इकडे उत्तरेत, अलीगंजात वाढलेली. मराठी सगळं समजायचं, उत्तर हिंदीत यायचं. तिने अडचण सांगितली. दुसऱ्याला सुई टोचायचं मॅडमच्या जिवावर येई, म्हणून या पेशींना आवरणाऱ्या औषधाच्या सगळ्या चाचण्या त्यांनी स्वतःच्याच पेशींवर केल्या. ती चूकच झाली. आता औषध नव्याने बनवलंय, आणि ते पहिल्यासारखंच चालतं का हे पाहायला त्याच पेशी हव्यात.

"आणि नंतर?" ईश्वरांनी विचारलं.

"फिर कुछ नहीं बचेगा, काका."

"मग राहू दे ना. थंडीत का होईना, आहे तर."

स्वप्नाने कप खाली ठेवला. "मॅडम होतीं तो डाँटतीं. कहतीं, खून जमाके रखने को दिया था क्या?"

ईश्वरांना हसू आलं, आणि हसता हसताच डोळे भरले. अगदी असंच म्हणाली असती. नवी साडी कपाटात पडून राहिली तरी स्वतःवरच चिडायची.

"घे मग," ते म्हणाले. "पण मला एकदा दाखव."

पेशी जाग्या होऊन वाढायला आठवडा गेला. ईश्वर पुन्हा आले आणि सूक्ष्मदर्शकावर वाकले. एका पेशीने कड हळूच पुढे केली आणि शेजारचा बारीक कण आत ओढून घेतला.

"खातेय गं," ते म्हणाले.

"हाँ काका. शाम को दवा डालेंगे. फिर कल तक रहेंगी."

त्यांना अजून बघायचं होतं. पण उजेडात पेशी फार वेळ तग धरत नाहीत, असं सांगून स्वप्नाने ताटली उबेच्या पेटीत ठेवली आणि दार लावलं. बाहेरून आतलं काही दिसत नव्हतं.

ईश्वरांनी खुर्ची पेटीजवळ ओढली आणि संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहिले.