पंख्याचा धडा

“आधी खिडकी उघडा, मग पंखा लावा!” माल्सून वन्सं ओरडल्या.

आम्हाला शिकवणाऱ्या युन बाईंनी हसून खिडकी उघडली, मग पंखा लावला. गावातल्या म्हाताऱ्यांच्या बैठकीच्या खोलीत आम्ही नऊ जणी, मुळाक्षरं संपवून आता विज्ञानाचे धडे वाचत होतो. माझं वय एकाहत्तर, वन्संचं अठ्ठ्याहत्तर.

युन बाईंची रीत अशी, की धडा वाचण्याआधी आपल्याला काय वाटतं ते लिहायचं. मी लिहिलं, ‘बंद खोलीत पंखा लावून झोपलं तर माणूस मरतो.’ आमच्या कोरियात हे लहान पोरालाही ठाऊक. मला तर जास्तच. एकेचाळीस वर्षांपूर्वी भर दुपारी झोपलेल्या नवऱ्याला पंखा लावून, दार ओढून मी मिरच्या तोडायला गेले. परतले तेव्हा सगळं संपलं होतं.

“माझ्या भावाला हिच्या पंख्यानं खाल्लं,” वन्सं दर वर्षी त्याच्या श्राद्धाला म्हणायच्या. मलाही तेच वाटायचं.

“बोंग्ने आजी, तुम्ही वाचा.”

मी बोट ठेवून वाचू लागले. “पुष्कळांना वाटते की पंखा खोलीतली हवा संपवतो. हे खरे नाही. पंखा हवा फक्त हलवतो. त्याने माणूस मरत नाही.”

मी तीच ओळ पुन्हा वाचली.

“अगंबाई, म्हणजे माझी सून बरोबर होती?” मागून गुम्बू म्हणाली. “तिला सांगू नका गं कुणी.”

वन्सं हसल्या नाहीत. “छापलं म्हणून खरं का? मग माझा भाऊ कशानं गेला? वाच की पुढं! का अक्षरं संपली?”

शेवटची ओळ मला दिसत होती. ‘अशा मृत्यूंमागे बहुधा उष्णता, दुबळे हृदय किंवा भर उन्हात प्यायलेली दारू असते.’

त्या दुपारी तांदळाच्या दारूची किटली वन्संनीच आणली होती. भाऊ उन्हात राबतोय म्हणून, स्वतः गाळून. रिकामी किटली मी विसळली होती.

“धडा संपला,” मी म्हणाले.

युन बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

वन्संनी मात्र स्वतःचा धड्याचा कागद पुढे ओढला. वर्गात सगळ्यांत सावकाश त्याच वाचायच्या. बोट अक्षरागणिक सरकत होतं, ओठ हलत होते. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं, मागे गेलं, पुन्हा तिथवर आलं. मग तिथंच राहिलं.

पंखा आमच्याकडे वळला की त्यांचा कागद फडफडायचा. मी हात लांब करून त्याचा कोपरा दाबून धरला.